सेकंदाला पाच ठोके

कोल्हापुरात हिंदुराव चौगुल्यांसमोर ‘ओरिजनल’ हा शब्द काढायची सोय नव्हती. एखादं नवखं गिऱ्हाईक आजोबांची बुलेट ढकलत उद्यमनगरातल्या त्यांच्या वर्कशॉपात आणायचं आणि मोठ्या हौसेनं म्हणायचं, “वस्ताद, अगदी ओरिजनल करून द्या. कारखान्यातून निघाली तशी.” झालं! वस्ताद हातातला पाना खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि त्याला असं काही झापायचे की शेजारच्या लेथवरची माणसं काम थांबवून ऐकायला यायची.

“कारखान्यातनं निघाली तवा ती कुणाची हुती? कुणाचीच न्हाई. तुझ्या आज्ज्यानं बूड झिजवून ती आपली केली. आता तू तिला परत कुणाचीच नसलेली करणार व्हय? त्यापरास भंगारात घाल आन् मोकळा हो!”

जुन्या गाड्या जशाच्या तशा करून काचेच्या खोलीत ठेवणारे लोक पुष्कळ होते. एका बोल्टासाठी ते जगभर धुंडाळत बसत. हिंदुराव आधी माणूस बघायचे, मग गाडी. गडहिंग्लजच्या एका मास्तरीणबाईंचा डावा पाय आखूड होता. त्यांच्यासाठी वस्तादांनी पायातला ब्रेक हातावर आणला आणि सीट अशी उतरती बसवली की बाई चौकात ऐटीत पाय टेकून उभ्या राहायच्या. एका हलगीवाल्याच्या गाडीला टाकीच्या बगलेत हलगीची जागा केली. गाडी माणसाला बसली पाहिजे, हे त्यांचं एवढंच शास्त्र.

हे शास्त्र ज्यानं पाठ केलं, तो त्यांचा चेला यासीन शिकलगार. वस्ताद थकले तसं वर्कशॉप चाळिशीतल्या यासीनच्या हाती आलं, पण एक रीत कायम राहिली. गाडी तयार झाली की पहिला हात वस्तादांचा. ते सीटवर बसायचे, डोळे मिटायचे, दोन्ही तळवे मुठींवर अलगद टेकवायचे आणि तळव्यांनी गाडी ऐकायचे. “हं” म्हणाले की गाडी दाराबाहेर. नाही म्हणाले की पुन्हा खोला. वस्तादांच्या हातावर वाद घालायचा नाही. तो हात म्हणजे त्या गल्लीतला शेवटचा निकाल.

आता थोडं यंत्राचं सांगायला हवं, नाहीतर यासीननं काय केलं ते कळायचं नाही.

पेट्रोल एव्हाना औषधासारखं झालं होतं, परवाना दाखवून बाटलीनं मिळायचं. मग सांगाडा तोच, टाकी तीच आणि पोटात विजेची मोटर, असा संसार सुरू झाला. पण विजेची मोटर मुकी असते. बुलेटवर जन्म काढलेल्या माणसाला मुकी गाडी म्हणजे बिनमिठाचा तांबडा रस्सा. म्हणून सीटखाली एक जड लोखंडी वजन बसवायचं आणि चुंबकाच्या जोरावर ते वरखाली नाचवायचं. त्याला उद्यमनगरात धडधड्या म्हणत. जुनं इंजिन निवांत उभं असताना त्याचा दांडा मिनिटाला सहाशेच्या आसपास फेरे घेई आणि दर दुसऱ्या फेऱ्याला एक स्फोट होई. म्हणजे सेकंदाला साधारण पाच ठोके. कुणाला ते थोडे जलद आवडत, कुणाला सावकाश. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे धडधड्या लावून द्यायचा.

दुसरी गोष्ट कातड्याची. हँडलच्या मुठींवर एक पातळ पापुद्रा चढवला जाई, त्याला कातडं म्हणत. आपण हात हलवतो तेव्हा स्नायूंमधून विजेची अगदी बारीक लहर जाते. कातडं ती टिपायचं. टाकीखाली छोटा संगणक असायचा, त्याचं नाव डोकं. हे डोकं महिनाभर त्या लहरी वाचून मालकाचा हात शिकून घ्यायचं. वळण्याआधी ह्याचं मनगट कसं आवळतं, ब्रेक दाबण्याआधी बोटं कशी उचलतात, सगळं. एकदा शिकलं की हात उशिरा पोचला तरी बिघडत नसे. गाडीनं मनातलं ओळखून काम आधीच केलेलं असे. अडचण एकच होती. धडधड्यामुळे मुठीही थरथरत, मग हाताची हालचाल कुठली आणि गाडीची थरथर कुठली? म्हणून धडधड्या ज्या गतीनं चाले, त्या गतीची सगळी थरथर डोकं सरळ वजा करून टाकायचं. त्या गतीत न बसणारी वेगळीच थरथर सापडली, तर मात्र काम थांबवून कारागिराच्या हातातल्या पडद्यावर प्रश्न विचारायचं: ‘थरथर कुणाची?’ खाली दोन चौकोन असत. हात. गाडी.

हा प्रश्न नियमानं घालावा लागे, आणि त्याला तसंच कारण होतं. कंपवाताला लगाम घालणारं औषध निघालं होतं. मेंदूतल्या ज्या पेशी ह्या आजारात मरत जातात, त्यांना ते वाचवायचं. मेलेल्यांना मात्र उठवायचं नाही. सुरुवातीला गाठलं तर आजार होता तिथंच थांबे. उशीर झाला तर नुसतं नशिबाला बोल लावत बसायचं. दवाखान्यांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, ‘थरथर दिसली? थांबू नका.’ यासीन रोज अशा एका भिंतीसमोरून जायचा. नंतर त्याला ‘मला ठाऊक नव्हतं’ असं म्हणायची सोय राहिली नाही, ती यामुळे.

तर त्या वर्षी यासीननं ठरवलं की वस्तादांची स्वतःची बुलेट नव्यानं घडवायची. हिवाळ्यात जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरायचा. तिथे वस्ताद त्या गाडीवर बसून येतील आणि अख्खं कोल्हापूर बघेल, हे त्याच्या डोळ्यांपुढे नाचत होतं. सगळं मनासारखं जमलं. दुपारी वस्ताद आले, गाडीवर बसले, डोळे मिटले आणि मुठींवर तळवे टेकवले. यासीन पडदा हातात धरून समोर उभा होता.

पडद्यावर प्रश्न आला. ‘थरथर कुणाची?’

यासीननं वर पाहिलं. वस्तादांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, चिमटीत तंबाखू मळावी तसा. वस्तादांनी तंबाखू सोडून जमाना झाला होता. धडधड्या जलद चालला होता, अंगठा त्याच्या मागे मागे, आपल्याच सावकाश चालीनं.

“काय म्हणतंय डोकं?” वस्तादांनी डोळे न उघडता विचारलं.

आता बोलायचं होतं. ‘वस्ताद, तुमचा हात थरथरतोय, डॉक्टरला दाखवूया,’ एवढंच तर. पण ज्या हातानं गल्लीचा निकाल द्यायचा, त्या हातालाच निकाल कसा सुनवायचा?

“काय न्हाई वस्ताद,” तो म्हणाला, “धडधड्या जरा पुढंमागं झालाय. जुळवतो.”

आणि त्यानं ‘गाडी’वर बोट ठेवलं.

नुसतं तेवढ्यानं भागणार नव्हतं. धडधड्या आणि अंगठा दोन गतींनी चालत होते तोवर डोकं रोज तोच प्रश्न विचारणार होतं. मग यासीननं धडधड्या हळूहळू खाली आणला. अंगठ्याच्या गतीवर आला तेव्हा दोन्ही थरथरी एकमेकींत मिसळून गेल्या, डोक्यानं दोन्ही वजा केल्या आणि पडदा गप्प झाला. कंपवाताचा हात सेकंदाला चार-सहा वेळा हलतो. निवांत बुलेटचा ठोकाही तेवढाच. निसर्गानं अशी चेष्टा करावी आणि ती नेमकी बुलेटवाल्यांच्या वाट्याला यावी!

वस्तादांचा चेहरा खुलला. “आता कसं! ही माझी गाडी. हिचा ठोका माझ्या हाताला लागू पडला बघ, यासीन. लेका, जिंकलास!”

यासीनचे कान तापले. तो पान्यांची पेटी आवरायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

त्यानं मनाला सांगितलं की हे वस्तादांच्या मानासाठी केलं. खोटं नव्हतं ते, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मेळ्यासाठी होतं. वस्ताद दवाखान्यात गेले असते तर मेळ्याला गाडीवर कोण बसलं असतं? हे अर्धं त्याला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तो मनातल्या मनातसुद्धा ते पुरं उच्चारत नसे. मेळा झाला की सांगू, असं त्यानं ठरवलं.

मेळ्यात एक मजेदार शर्यत असायची, सगळ्यात मागे राहील तो जिंकला. पाय टेकायचा नाही, थांबायचं नाही, गाडी मुंगीच्या पावलानं न्यायची. इथे हाताची परीक्षा. तरुण पोरं धडाधड पाय टेकून बाद झाली आणि हिंदुराव एकटे उरले. ओठांवर हसू, पाठ ताठ, गाडी तसूतसूनं पुढे. लोकांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. “नाद खुळा, वस्ताद! ह्या वयात हा हात!” कुणीतरी यासीनला खांद्यावर उचललं. हात कुणाचा होता ते त्या मैदानात एकट्या यासीनला माहीत होतं. हात गाडीचा होता. लोक त्याच्या नावानं ओरडत होते आणि त्याला वाटत होतं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

त्या दिवशी वस्ताद इतके खुशीत होते की सांगायचं राहिलं. मग वस्तादांची मुलगी वैजयंता बेळगावहून राहायला आली, तिच्यापुढे कसं बोलायचं? मग ती गेली, तिच्या पाठीमागे कसं बोलायचं? पहिल्या दिवशी गिळलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी दुप्पट जड होते, कारण आता आजाराबरोबर ‘मी काल का बोललो नाही’ हेही सांगावं लागतं. महिन्याभरानं यासीनला आजार सांगण्यापेक्षा हेच अवघड वाटू लागलं. दोन-चार महिन्यांनी तर तो वस्तादांच्या हाताकडे बघेनासा झाला. वस्ताद चहा प्यायला लागले की तो काहीतरी आणायला आत जायचा.

आणि गिऱ्हाइकं! मेळ्यानंतर म्हाताऱ्यांची रीघ लागली. “आम्हाला वस्तादांसारखी गाडी करून दे. हात पहिल्यासारखा चालला पाहिजे.” निवृत्त फौजदार आले, साखर कारखान्यातले शेतकी अधिकारी आले, कागलचे बँडवाले मगदूम तात्या आले. बहुतेकांचे हात धडधाकट होते. पण अधूनमधून पडदा विचारायचाच, ‘थरथर कुणाची?’ ज्यानं गुरूच्या बाबतीत खोटं सांगितलं, तो परक्याला खरं कुठल्या तोंडानं सांगणार? एकाला सांगितलं की वस्तादांचं उघडं पडणार. यासीनचं बोट आपोआप ‘गाडी’वर जायला लागलं. आधी त्या बोटाला घाम सुटायचा. पुढे तोही सुटेना, आणि याचीच त्याला सगळ्यात जास्त शरम वाटायची.

असं करत दोन वर्षं गेली आणि खंडेनवमी आली. उद्यमनगरात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. पाने, हातोड्या, लेथ धुऊन पुसून त्यांना झेंडूचे हार घालतात. वस्तादांनी त्या दिवशी यासीनला वस्तादकीचा फेटा बांधायचं जाहीर केलं होतं. गुरू स्वतःच्या हातानं चेल्याला फेटा बांधतो आणि मग चेलाही वस्ताद होतो. वैजयंता आली होती, यासीनची बायको नसीमा नवी साडी नेसून आली होती, गल्लीतले सगळे जमले होते.

यासीन पाटावर बसला. वस्तादांनी फेट्याचं टोक त्याच्या कपाळावर धरलं आणि पहिला वेढा दिला. तो सुटला. पुन्हा दिला. पुन्हा सुटला. यासीनच्या कपाळावर वस्तादांची बोटं टकटक करत होती. अगदी बारीक, एका चालीत. ती गती यासीनला तोंडपाठ होती.

“नवरात्राचा उपास हाय त्यांचा, अशक्तपणा आलाय,” कुणीतरी सावरून घेतलं.

वस्ताद ओशाळून हसले. “च्यायला, मानसं बघून हात लाजला जनू! गाडी काढा रं. गाडीवर बघा माझा हात.”

गाडी काढली. वस्ताद बसले, धडधड्या सुरू झाला आणि त्यांनी त्या चिंचोळ्या गल्लीत गाडी अशी अलगद वळवली की हाराचं फूल हललं नाही. टाळ्या पडल्या. वस्ताद खाली उतरले, विजयानं इकडेतिकडे बघत पुन्हा फेट्याचं टोक धरलं आणि बोटं पुन्हा टकटक करायला लागली. वस्ताद आपल्या हाताकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या बाहीतून बाहेर आलाय, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं.

यासीननं त्यांच्या हातातून टोक घेतलं आणि मान खाली घालून स्वतःच्या डोक्याला स्वतःच फेटा गुंडाळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. असा फेटा त्या गल्लीत आजवर कुणी बांधला नव्हता.

वैजयंता शाळेत शिकवणारी, तिची नजर चुकत नाही. दोन दिवसांत ती वडिलांना घेऊन मेंदूच्या डॉक्टरकडे गेली आणि जाताना म्हणाली, “यासीनदादा, तुम्हीपण चला. बाबा तुमचं ऐकतात.”

डॉक्टर तरुण होते, मृदू बोलणारे. त्यांनी तपासलं, मेंदूची चित्रं काढली, वस्तादांना बाहेर बसवलं आणि मग म्हणाले, “उशीर झालाय. ते औषध आता द्यायचं ठरवलं तरी उपयोग नाही. थरथर कमी करणाऱ्या गोळ्या देऊ. दोन वर्षांमागे आले असते तर गोष्ट वेगळी होती.” कागदपत्रं चाळताना त्यांनी सहज विचारलं, “हे कातड्याची गाडी चालवतात ना? मग गाडीनं काही विचारलं नाही?”



“न्हाई,” यासीन म्हणाला.

एकदा चुकलेल्या माणसाला देव दुसरी संधी देतो म्हणतात. दिली की! ह्या पठ्ठ्यानं तीपण घालवली.

बाहेर आल्यावर वैजयंता रडली, मग डोळे पुसून यासीनचा हात हातात घेत म्हणाली, “एका गोष्टीचं समाधान आहे. तुम्ही ती गाडी केलीत म्हणून बाबांची ही दोन वर्षं तरी सुखाची गेली. भावानं केलं नसतं एवढं केलंत दादा.”

यासीनला वाटलं, हिनं त्यापेक्षा दोन मुस्काटात द्यायला हव्या होत्या.

संध्याकाळी तो घरी आला तो चपलांसकट सोप्यात बसून राहिला. नसीमानं पाणी पुढे ठेवलं. “तोंड बघून वाटतंय मयत पुरून आलाय. काय झालं?”

त्यानं सगळं सांगितलं. मेळ्यापासून आजच्या ‘न्हाई’पर्यंत. “त्यांची अदब आडवी आली गं,” तो शेवटी म्हणाला.

“अदब नका म्हणू हिला,” नसीमा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण पदराचा पीळ हातात आवळला गेला. “भित्रेपणा म्हणा. अदब असती तर त्यांचा जीव आधी दिसला असता, मेळा नव्हे.” “उद्या सकाळी जावा. आणि वैजूताईच्या समोर सांगा. एकट्यात सांगितलंत तर वस्ताद तुमच्यावर पांघरूण घालतील.”

मंगळवार पेठेतल्या घरी वस्ताद सकाळचे उन्हाला बसले होते. वैजयंता भाजी निवडत होती. यासीन दारातच उभा राहिला आणि उभ्याउभ्याच बोलला. एकदा बोलायला लागला तसं थांबता येईना. पडद्यावरचा प्रश्न, ‘गाडी’वर ठेवलेलं बोट, खाली आणलेला धडधड्या, मेळ्याची हाव, सगळं. “डॉक्टरांनी विचारलं तवा बी खोटं बोललो,” तो म्हणाला. “ताई, तुम्ही काल मला भाऊ म्हणालात. ते परत घ्या.”

वैजयंताच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. “दादा म्हणत होते मी तुम्हाला,” ती एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

पूर्वी एखादा बोल्ट वाकडा बसवला तर वस्ताद कानफटात द्यायचे. आज यासीन गाल पुढे करून उभा होता. त्या एका चपराकीसाठी त्यानं काहीही दिलं असतं. हात उठला नाही. तो मांडीवर पडून आपला आपला हलत होता.

“दाढी करताना कापायचं,” वस्ताद म्हणाले. आवाजात राग नव्हता, ते आठवून आठवून बोलत होते. “चहा सांडायचा. मी बघत हुतो की. आंधळा न्हवतो. भ्यायलो बी हुतो. आमच्या आबांचा हात असाच हलायचा, त्यांचं हाल बघितल्यात मी. मग तू गाडी केलीस. म्हटलं, बसून बघावं. यासीनच्या हातात आपली मूठ जाणार, त्याला कातड्यातलं केसाएवढं कळतंय. कायतरी असतं तर त्यो बोलंल. तू बोलला न्हाईस. म्हटलं, सुटलो. म्हंजे काय न्हाई.”

मग त्यांनी यासीनकडे पहिल्यांदा पाहिलं.

“मी डाक्टरकडं गेलो न्हाई यासीन, कारन मी तुझ्याकडं आलो हुतो.”

यासीन उंबऱ्यापाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. वस्तादांनी त्याला रडू दिलं. उगी म्हटलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. माफीबिफीचं कुणी नाव काढलं नाही.

बऱ्याच वेळानं वस्तादांनी विचारलं, “आनखी कुनाकुनाच्या गाड्या तू अशा गप केल्यास?”

यासीननं नाक पुसत नावं सांगितली.

“त्यांची बी येळ गेली?”

“फौजदारांचं आणि इतरांचं ठाऊक न्हाई. मगदूम तात्यांचं तर आत्ता सुरू झालंय वस्ताद. चालू महिन्यातच पडद्यानं विचारलं.”

“मग हितं नाक घासत कशापायी बसलायस? ऊठ!”

“मी जातो, सांगतो.”

“तू सांगशील आन् त्यांना पटंल व्हय? त्यांना गाडीवर हात सरळ दिसतोय न्हवं. म्हातारी मानसं हायत, हाकलून देतील तुला.” वस्ताद भिंतीला धरून उठले. “मी बी येतो. माझा हात बघितला की पटंल.”

“वस्ताद, तुम्ही नका... लोकांपुढं हात...” ज्या हाताची लाज झाकण्यासाठी यासीननं हे सगळं केलं होतं, तोच हात आता दारोदार दाखवत फिरायचा होता, आणि तोही त्याच्याच पायी.

“चल म्हनतो न्हवं,” वस्ताद म्हणाले.

ते यासीनच्या मागे बसून कागलला आले. यासीनच्या खांद्यावर वस्तादांनी उजवा हात ठेवला होता आणि तो सबंध रस्ताभर त्याला शर्टातून कळत होता.

मगदूम तात्या अंगणात गाडी पुसत होते. मिशीला पीळ, डोक्यावर टोपी, गडी एकदम खुशीत. “अरे, वस्ताद! आणि सोबत नवे वस्ताद! या या. गाडी काय पळतीया म्हणता, हात पंचविशीतला झालाय माझा! अगं, च्या टाक!”

वस्तादांनी खुर्ची घेतली नाही. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि तात्यांच्या डोळ्यांसमोर धरला. अंगठा तर्जनीवर फिरत होता. तात्यांचं हसू विरलं. त्यांनी हातातलं फडकं सीटवर ठेवलं आणि स्वतःचा उजवा हात हळूच पाठीमागे नेला.

“तात्या, यासीनला तुमच्याशी बोलायचंय,” वस्ताद म्हणाले.

यासीनची मान वर होईना. तशीच खाली घालून त्यानं सुरुवात केली. “तात्या, ह्या महिन्यात तुमच्या गाडीनं मला एक प्रश्न विचारला हुता. मी तिला खोटं सांगितलं.”

“कसला प्रश्न?” तात्यांनी विचारलं. पाठीमागचा हात अजून पाठीमागेच होता.

यासीन सांगत गेला. तो सगळं सांगून होईपर्यंत वस्तादांनी आपला हात मागे घेतला नाही.